आर्वीचा टेनर आणि त्याची जोड

१/
आर्वीच्या (जि. वर्धा) एका घरात लोखंडी ट्रंकेत, जुन्या गोधडीत गुंडाळलेला एक टेनर सॅक्सोफोन साठ वर्षांपासून आहे. गेल्या हिवाळ्यात त्याला जोड म्हणून एक जुना आल्टो सॅक्सोफोन घ्यायचे ठरले. घरगुती वाटणाऱ्या त्या खरेदीत ब्रिटिश लष्कराचे फर्मान, पेटंटची फसवी तारीख आणि बोहेमियातील एक उजाड झालेले वाद्यगाव असे बरेच काही मध्ये आले. हा धागा त्या शोधाचा.

२/
टेनर वाजवणारे गृहस्थ आता सत्तरीत आहेत. गाव त्यांना मास्तर म्हणते. ते शाळेचे नव्हेत, बँडपथकाचे मास्तर. त्यांच्या वडिलांनी हे वाद्य मुंबईत धोबी तलावच्या एका दुकानातून वापरलेले म्हणून घेतले. पावती अजून घरात आहे, तारीख १९६३ची. पुलगावला उतरून १९१७ साली सुरू झालेल्या पुलगाव-आर्वी अरुंदमापी गाडीने ते मांडीवर ठेवून त्यांनी आर्वीला आणले. ती गाडी आता बंद पडली आहे. टेनर चालू आहे.

३/
जोड हवी होती ती नातीसाठी. वय बारा. टेनरवरच्या बोटांच्या जागा तिने स्टुलावर बसून, वाद्य खुर्चीला टेकवून पाठ केल्या होत्या. पण टेनरचे वजन साडेतीन किलोंच्या आसपास आणि ते सारे गळ्यातल्या पट्ट्यावर. आल्टो त्याहून सुमारे एक किलोने हलका. दुसरे कारण घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मास्तरांची धाप वाढली होती आणि डॉक्टरांनी फुंकणे कमी करण्यास सांगितले होते. दोघांनी मिळून वाजवायचे असेल, तर हातात एखादा हिवाळा होता.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. आदोल्फ साक्स हा बेल्जियन कारागीर १८१४ साली दिनाँ येथे जन्मला. सॅक्सोफोनचे पेटंट त्याने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये मिळवले. त्याने एकच वाद्य केले नव्हते, लहानमोठ्या वाद्यांचे अख्खे कुटुंब कल्पिले होते. त्याच्या दोन शाखा होत्या: एक वाद्यवृंदासाठी, दुसरी लष्करी बँडसाठी. पुढे पहिली शाखा जवळजवळ लोपली आणि लष्करी शाखा जगभर पसरली. आजचे आल्टो आणि टेनर हे त्याच शाखेचे वंशज.

५/
या दोघांचे नाते पेटीच्या भाषेत सहज कळते. टेनरचा मूळ स्वर म्हणजे काळी पाच, आल्टोचा काळी दोन. बोटांच्या जागा दोन्हींवर सारख्याच. टेनरवर जी बोटे ठेवून ‘सा’ निघतो, तीच बोटे आल्टोवर ठेवली की टेनरच्या हिशेबाने वरचा शुद्ध मध्यम निघतो. म्हणजे नात जे शिकली होती त्यातील काहीच वाया जाणार नव्हते. फक्त एकत्र वाजवताना तिने कोणत्या स्वराला ‘सा’ मानायचे, एवढेच नव्याने ठरवायचे होते.

६/
प्रश्न पैशांचा होता. मास्तरांनी पंधरा हजार साठवले होते. डीजे आल्यापासून बँडच्या सुपाऱ्या आटल्या आहेत, त्यामुळे ही रक्कम जमायला तीन लगनसराया लागल्या. उरलेले दहा हजार सुनेने कापसाच्या चुकाऱ्यातून काढून दिले. नातेवाइकांना हे रुचले नाही. पोरीच्या हाती बँडचा बाजा कशाला, हा त्यांचा प्रश्न. मंडपाबाहेर उभे राहून वाजवणाऱ्यांकडे लोक कसे पाहतात, ते मास्तरांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

७/
सुनेचे म्हणणे एका वाक्याचे होते: “मामाजी, रस्त्यावर वाजवाले नाई घेत आपण. तुमच्या बाजूले बसून वाजवाले घेऊन राह्यलो.” त्या वाक्याने अटी ठरल्या. आल्टो पंचवीस हजारांत बसला पाहिजे, पोरीच्या बोटांना झेपला पाहिजे आणि टेनरशी जुळला पाहिजे. पहिल्या दोन अटी स्पष्ट होत्या. तिसरीचा नेमका अर्थ काय, हे शोध संपेपर्यंत बदलत गेले.

८/
सुरुवातीला मास्तरांना वाटे की जुळणे म्हणजे सारखे असणे: तोच कारखाना, तेच साल. त्यासाठी टेनरचे साल ठाऊक हवे. घरात ते ‘१९१४’ असे सांगितले जाई, कारण वाद्याच्या अंगावर तेच कोरले आहे. मास्तरांचे वडीलही अभिमानाने सांगत, पहिले महायुद्ध सुरू झाले त्या वर्षीचा बाजा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून तो कोरीव मजकूर पूर्ण वाचावा.

९/
मजकूर असा आहे: पेटंट, ८ डिसेंबर १९१४, आणि पुढे पेटंट क्रमांक. हे पेटंट नळीतून स्वरछिद्रांच्या कडा ओढून काढण्याच्या पद्धतीचे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्कहार्टच्या कॉन कारखान्याने ही तारीख पुढे वर्षानुवर्षे आपल्या सॅक्सोफोनांवर ठोकली. ती शोधाची तारीख आहे, वाद्याच्या जन्माची नाही. जन्म कळतो अनुक्रमांकावरून. तो क्रमांक या टेनरला १९२०च्या दशकात, अमेरिकेतील सॅक्सोफोनच्या वेडाच्या ऐन भरात नेऊन ठेवतो.

१०/
शिलालेखातला शक आणि शिलालेख कोरल्याचा काळ यांत गल्लत होते, तसाच हा प्रकार. साठ वर्षांची समजूत मोडली तेव्हा मास्तर जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बाबा म्हनत थे तेवढा म्हातारा नाई हाये तं.” मात्र अनुक्रमांकाजवळ आणखी दोन अक्षरे होती, ज्यांकडे घरात कोणी कधी लक्ष दिले नव्हते. वर ‘टी’, म्हणजे टेनर. खाली ‘एल’. या ‘एल’चा अर्थ पुढे फार उपयोगी पडला.

११/
एल्कहार्टचे वाद्य मुंबईत दिसावे यात नवल नाही. लिऑन अॅबी या आफ्रिकी-अमेरिकी वादकाचा जॅझ बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागून आलेल्यांच्या सोबतीने गोव्याचे वादक तयार झाले. धोबी तलावच्या आसपास गोव्यातील गावोगावच्या मंडळींचे ‘कूड’ होते. तिथे राहणारे वादक रात्री हॉटेलांत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवत. वाद्ये एका हातातून दुसऱ्या हाती त्याच भागातील दुकानांतून जात.

१२/
गावोगावच्या बँडपथकांनी सॅक्सोफोन ऐकला तो सिनेमातून. ‘कश्मीर की कली’ (१९६४) मधील झिंगलेल्या नायकाच्या गाण्यात जो सॅक्सोफोन आहे, तो मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांचा. मास्तरांच्या वडिलांनी ती जागा रेडिओवर ऐकून टेनरवर बसवली. मास्तरांनी ती वडिलांकडून घेतली. कागदावरचे स्वर घरात कोणालाच वाचता येत नाहीत. या घराण्याची सारी विद्या कानावर उभी आहे.

१३/
आता पहिला आल्टो. कामठीत मोडीत निघालेल्या एका बँडपथकाकडे तो होता. चांदीचा मुलामा, घंटेसारख्या तोंडावर वेलबुट्टी आणि त्यामध्ये नाव: हॉक्स अँड सन, लंडन. मागणी अठरा हजारांची. कामठी ही १८२१ पासूनची ब्रिटिश छावणी, म्हणून तिथे लष्करी बँडची वाद्ये मिळणे स्वाभाविक. नावातूनही काळ कळतो. हॉक्स आणि बूझी या दोन पेढ्या १९३० मध्ये एक झाल्या. तेव्हा नुसते ‘हॉक्स अँड सन’ असलेले वाद्य त्याआधीचे.

१४/
म्हणजे टेनरच्याच पिढीचा, देखणा आणि खिशाला परवडणारा आल्टो. नातीला तो पाहताक्षणी आवडला. जानेवारीच्या एका थंड सकाळी कामठीच्या त्या अंगणात दोघांनी वाद्ये जुळवायला घेतली. मास्तरांनी टेनरवर काळी पाच धरली. नातीने आल्टोवर तोच स्वर धरला. तिच्या वाद्याच्या हिशेबाने तो पंचम येतो. दोन्ही वाद्यांतून एकच स्वर निघायला हवा होता. निघाली ती थरथर. सेकंदाला सहा-सात हेलकावे.

१५/
“आबाजी, दोघं भांडून राह्यले.”
“भांडत नाई माय. दोघंही आपापल्या जागी बरोबर हायेत.”
मास्तर हे समजावण्यासाठी बोलले असतील, पण इतिहासाच्या दृष्टीने ते वाक्य अचूक होते. सुषिर वाद्याचा स्वर थंडीत उतरतो. हा आल्टो थंडीतही चढा होता, तोही जवळजवळ पाव स्वराने. मोबाइलवरच्या स्वरमापकानेही तेच दाखवले. वाद्य बिघडलेले नव्हते. ते ज्या जगासाठी केले होते, त्या जगात ‘पांढरी सहा’ची जागाच वेगळी होती.

१६/
आज पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपने, असे जगभर धरले जाते. हा करार लंडनच्या १९३९च्या आंतरराष्ट्रीय परिषदेतला. त्याआधी ज्याची त्याची पट्टी निराळी होती. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ती चढत चढत ४५२च्या आसपास गेली. ४५२ आणि ४४० यांतील अंतर जवळजवळ अर्ध्या श्रुतिपट्टीचे, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या साधारण मधोमध पडणारे.

१७/
ब्रिटिश लष्कराने ही चढी पट्टी धरून ठेवण्यामागे एक कथा सांगितली जाते. क्रिमियन युद्धात, १८५४ मध्ये, तुर्कस्तानातील स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाची कवायत होती. अनेक पलटणींच्या बँडनी एकदम राष्ट्रगीत सुरू केले आणि परकीय पाहुण्यांसमोर गोंधळ उडाला, कारण प्रत्येक बँडची मांडणी आणि पट्टी निराळी होती. पुढे १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली.

१८/
त्या शाळेच्या नावाने जी पट्टी लष्करात रूढ झाली, ती ही चढी पट्टी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लष्कराने ती सोडली आणि खालची पट्टी स्वीकारली. तोवर साम्राज्याच्या छावण्याछावण्यांत चढी वाद्ये पोहोचली होती. अमेरिकेतील कारखाने मधल्या काळात दोन्ही प्रकारची वाद्ये घडवत, आणि ओळख पटावी म्हणून त्यांवर अक्षर ठोकत. टेनरवरचा तो ‘एल’ म्हणजे ‘लो पिच’, खालची पट्टी.

१९/
माउथपीस थोडा बाहेर ओढला की स्वर उतरतो, मग इथे तसे का केले नाही? कारण नळीवरील छिद्रांच्या जागा पक्क्या असतात. माउथपीस ओढल्याने आखूड नळीचे स्वर जास्त उतरतात, लांब नळीचे कमी. केसभर फरक असेल तर ते निभावते. पाव स्वराचा फरक काढू गेल्यास एक स्वर जुळतो आणि बाकीचे आपसात फाटतात. नातीने तेही करून पाहिले. सप्तकाचे एक टोक हाती आले की दुसरे सुटे.

२०/
ते देखणे वाद्य कामठीतच राहिले. परतीच्या एसटीत नात रडली नाही, पण आर्वी येईपर्यंत बोललीही नाही. मास्तरांच्या मनातली ‘जुळणे’ या शब्दाची पहिली व्याख्या त्या दिवशी मोडली. एका पिढीची दोन वाद्ये दोन सत्तांच्या दोन पट्ट्यांत जन्मली होती. समकालीन असणे त्यांना पुरेसे नव्हते.

२१/
दुसरा आल्टो नागपुरात. टेनरचाच कारखाना, साधारण तेच दशक, अनुक्रमांकाखाली तोच ‘एल’. एका हौशी संग्राहकाने तो आपुलकीने वाजवून पाहू दिला. काळी पाच धरली आणि हेलकावे क्षणात विरले. मास्तरांचे डोळे भरून आले. पण किंमत ऐंशी हजार होती. शिवाय खालच्या स्वरांच्या कळा नातीच्या डाव्या करंगळीला पोहोचत नव्हत्या, आणि ती ताणून दाबायची तर मनगट वाकडे होई. सख्खे भावंड सापडले होते, पण ज्या हातांसाठी ते हवे होते, त्या हातांना ते झेपत नव्हते.

२२/
तिसरा आल्टो अमरावतीच्या एका माळ्यावर निघाला. लाखेचा थर झिजलेला, गळ्यापाशी पोचा काढल्याची खूण, वेलबुट्टी नाही. नाव: आमाटी, क्रास्लित्से. क्रास्लित्से हे बोहेमियातील वाद्य घडवणाऱ्यांचे गाव. जर्मनभाषक कारागीर पिढ्यानपिढ्या तिथे राहत आणि गावाला ग्रास्लित्झ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने जर्मनभाषकांना देशाबाहेर काढले, कारखाने सरकारजमा झाले आणि त्यांतून ‘आमाटी’ उभी राहिली.

२३/
म्हणजे या साध्या दिसणाऱ्या वाद्याच्या मागेही घरे सोडून गेलेले कारागीर आहेत. पण त्याचा जन्म १९३९च्या करारानंतरचा, त्यामुळे पट्टीची चिंता नव्हती. नातीने दिवाळीच्या माळेतला एक बारीक दिवा अंधाऱ्या खोलीत नळीत सोडला. बंद कळांखालून जिथे उजेड झिरपला, तिथे हवाही गळत होती. अशा तीन जागा निघाल्या. वाद्य अठरा हजारांना ठरले, नवे पॅड आणि दुरुस्ती धरून हिशेब बावीस हजारांवर थांबला.

२४/
उरलेल्या पैशांतून एबोनाइटचा माउथपीस घेतला, टेनरच्या माउथपीससारखाच काळा आणि मऊ आवाजाचा. सॅक्सोफोनच्या आवाजाचा पोत धातूपेक्षा माउथपीस, रीड आणि फुंकणाऱ्याचा श्वास यांवर अधिक अवलंबून असतो, असा वादकांचा अनुभव आहे. तरीही आल्टोचा स्वर टेनरहून पातळ आणि उजळ राहिला. मास्तरांना ते खटकले नाही. त्यांच्या मते म्हाताऱ्याचा घोगरा गळा आणि पोरीचा कोवळा गळा एकसारखा लागला असता, तरच नवल.

२५/
फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी ओसरीवर दोघे बसले. काळी पाच धरली. हेलकावा होता, पण संथ, दोन सेकंदांत एखादा. आल्टो केसभर उतरलेला. नात आपला माउथपीस आत ढकलू लागली, तो आधीच शेवटापर्यंत गेला होता. मग मास्तरांनी आपला टेनर थांबवला. त्याच्या गळ्याच्या बुचावर माउथपीस वर्षानुवर्षे एकाच जागी बसल्याने गोल वळ उमटला आहे. त्यांनी माउथपीस त्या वळापासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढला आणि पुन्हा फुंकले. हेलकावा थांबला.

२६/
टेनरला जोड शोधण्यासाठी निघालेला हा प्रवास इथे संपला, आणि शेवटी टेनरलाच आपली जागा थोडी सोडावी लागली. दारात उभ्या असलेल्या सुनेला त्यातले काही कळले नाही. तिने एवढेच विचारले, “आता एकच वाजून राह्यलं ना जी?” मास्तर दम घेत होते, म्हणून उत्तर नातीने दिले: “हो आई. एकच.”

२७/
दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सुपारीची जुनी वही काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर नातीकडून लिहून घेतले: आल्टो, आमाटी, क्रास्लित्से. अनुक्रमांक. अमरावतीहून, इतक्या रुपयांना, अमुक तारखेस. त्याखाली टेनरची नोंद: एल्कहार्ट, अनुक्रमांक, खालची पट्टी. १९१४ ही पेटंटची तारीख, वाद्याची नव्हे. हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले. पुढच्या पिढीने आपल्यासारखे फसू नये, ही त्यांची इच्छा.

२८/
तालुक्यातालुक्यांतली बँडपथके बंद पडत आहेत आणि त्यांची वाद्ये मोडीच्या भावाने जात आहेत. आपल्या गावात असे वाद्य दिसले तर त्यावरचे नाव, अनुक्रमांक आणि सुटी अक्षरे लिहून घ्या, छायाचित्र काढा आणि ते कोणाकडून आले ते वाजवणाऱ्याला विचारा. दफ्तरखान्यात या माणसांची नोंद क्वचितच सापडेल. त्यांचा इतिहास पितळेवर कोरलेला आहे, आणि पितळ वितळवले की तो संपतो.
(धागा समाप्त)